क्लारा टीचरचा समजूतदारपणा

भुईगावात राग धरायच्या दोन रीती आहेत. पहिली सगळ्यांना जमते. बांधावर उभं राहून घसा बसेपर्यंत भांडायचं आणि चार दिवसांनी त्याच घरी केळफूल घेऊन जायचं. दुसरी रीत क्लारा टीचरची. देवेंद्र सरांवरचा राग त्यांनी पाचूबंदरला बोंबील वाळवतात तसा वाळवून ठेवला. वाळल्या बोंबलाला वास येतो हे खरं, पण ज्याला आपल्या अत्तराचाच वास येत असतो त्याच्या नाकाला तो कळत नाही. सरांना सहा वर्षं कळला नाही.

सर म्हणजे देवेंद्र चौधरी. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, घरची चिकूची आणि केळीची वाडी, पेपरच्या पुरवणीत सदर. सदराचं नाव 'असहमती'. वसईत कुठेही मंडप घातला की खुर्च्यांच्या टेम्पोतून सरही उतरतात, असं आमचे जगन्नाथकाका म्हणतात. सहिष्णुता, विवेक, मतस्वातंत्र्य हे शब्द सरांच्या तोंडून इतके गुळगुळीत होऊन यायचे की ऐकणाऱ्याला आपणही थोडे सहिष्णू झाल्यासारखं वाटायचं. घरी जाऊन शेजाऱ्याच्या कुत्र्याला दगड मारेपर्यंत ते टिकायचं.

आमचं 'मोकळं अंगण' वाचक मंडळ सरांनीच काढलं. महिन्यातून एक रविवार, एकदा ख्रिस्ती घरी, एकदा हिंदू घरी. नियमही सरांचेच. मुंबईहून आलेल्या एका कवीने पहिल्याच बैठकीत स्वतःच्या आवडीच्या कविता म्हणता म्हणता आमचा चहा दोनदा गार केला, तेव्हा सरांनी फर्मान काढलं. लेखकाने स्वतःचं पान निवडायचं नाही. ज्याच्या घरी बैठक, तो पुस्तकाचं पान उघडून देणार आणि लेखकाने ते मोठ्याने वाचायचं. चष्मा विसरला ही सबब चालणार नाही, चष्मा यजमान देईल. वाचून झालं की यजमान एक प्रश्न विचारणार. लेखकाने आधी हो किंवा नाही म्हणायचं, भाषण मग.

"लेखकाने निवडलेलं पान म्हणजे जाहिरात," सर म्हणाले होते. "वाचकाने उघडलेलं पान म्हणजे लोकशाही."

आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्यातलं कोणी पुस्तक लिहीत नव्हतं, तेव्हा आमचं काय जाणार होतं?

मग क्लारा टीचरनी लिहिलं. टीचर म्हणजे क्लारा मच्याडो. भुईगाव ते जूचंद्र, अर्धी वसई त्यांच्या हातून पाढे शिकलेली. पुस्तकाचं नाव 'तीन बावखलं'. बावखल म्हणजे आमच्याकडची गोड्या पाण्याची तळी, ज्यांच्या जिवावर वाड्या उभ्या राहिल्या. पुस्तकातल्या एका गोष्टीत एका गावातलं शेवटचं बावखल बुजवतात. अर्ध्यावर चर्चच्या हॉलचं पार्किंग होतं, अर्ध्यावर उत्सव मंडळाचं पक्कं स्टेज. दोन्ही समाज एरवी एकमेकांच्या भोंग्याबद्दल आणि घंटेबद्दल कुरकुरणारे, पण पाणी बुजवायच्या कामात खांद्याला खांदा. त्यांची एक सद्भावना समिती असते. तिचा विद्वान अध्यक्ष शेवटचा डंपर रिकामा होताना 'ही आपली गंगाजमनी माती' असं भाषण करतो.

गोष्टीतलं गाव खोटं होतं. पण आमच्या पट्ट्यात सद्भावना समितीचा विद्वान अध्यक्ष एकच होता, आणि पार्किंग व स्टेज तर डोळ्यांसमोर होतं.

पुस्तकाचं प्रकाशन सरांच्याच विचार महोत्सवात ठरलं होतं. टीचरच्या नवऱ्याने, युजीन अंकलनी, अक्षर न् अक्षर स्वतः टाइप केलं होतं आणि प्रती छापून घरी आणल्या होत्या. आदल्या दिवशी सरांचा फोन आला. सर फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलतात, म्हणजे घराचंही प्रबोधन होतं.

"क्लाराबाई, वातावरण बरं नाही. दोन्हीकडची मंडळी दुखावलीत. तुम्हीच म्हणा की पुस्तक सध्या मागे घेते."

"मी नाही म्हणणार."

"मग कार्यक्रमपत्रिकेतून मला ते काढावं लागेल. तुमच्याच भल्यासाठी."

तेवढ्यात मागून त्यांच्या बायकोचा, हेमांगीताईंचा आवाज आला, "अहो, असं कसं सांगता त्यांना?" आणि फोन बंद झाला.

इथपर्यंत टीचरनी सोडूनही दिलं असतं. भेकड माणसं त्यांनी वर्गात आणि वर्गाबाहेर पुष्कळ पाहिली होती. पण पुढच्या रविवारी 'असहमती'त सरांचा लेख आला, 'संयमाचं सौंदर्य'. त्यात क्लाराबाईंनी कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या विवेकाला स्मरून पुस्तक मागे घेतलं असं छापलं होतं. टीचरनी पेपरला खुलासा पाठवला. तो आला नाही. वाचकांच्या पत्रांचं पान सरच बघायचे.

गावात टीचरचं कौतुक सुरू झालं. चर्चमधली मिस्सा सुटल्यावर पायऱ्यांवर, बाजारात, मयताच्या घरी. "बरं केलंस बाय. समजूतदार हायेस." युजीन अंकलना लोक हात मिळवून सांगायचे, "युजीन, बायको समजूतदार मिळाली तुला." अंकल पहिल्यांदा समजावत बसले की तसं नाहीये. पेपरात आलेलं खोटं आणि नवरा सांगतो ते खरं, हे कोण ऐकणार? लोक हसून आणखी एकदा हात मिळवायचे. मग अंकलनी पायऱ्यांवर थांबणं सोडलं, नंतर चर्चला मागच्या दाराने जाणं धरलं आणि दोन वर्षांनी गेले. मयताला सरही आले. टीचरचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या समजूतदारपणामागे युजीनच होते, मला माहितीये."

टीचरनी हात सोडवून घेतले आणि फुलांचा हार सरळ केला. मी शेजारीच उभा होतो. मला तेव्हाच कळलं की बोंबील आता पुरता वाळला.

त्यानंतर टीचर मंडळात यायच्या, पण बैठक घरी घ्यायची म्हटलं की "आता नको, एकटीने कुठे करत बसू" म्हणून पाळी पुढे ढकलायच्या. यंदा सरांचं पुस्तक आलं. 'असहमतीचे दिवस', पंधरा वर्षांच्या लेखांचा जाडजूड संग्रह. त्यावर बैठक कोणाकडे, असं सरांनी विचारलं आणि टीचर म्हणाल्या, "माझ्याकडे. फुगे करते."

सरांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, क्षमा. आम्हाला वाटलं, फुगे. आमच्याकडे सणाला, लग्नाला ताडीत आंबवलेल्या पिठाचे गोळे तळतात, त्यांना फुगे म्हणतात, आणि टीचरच्या हातचे फुगे अंकल गेल्यापासून कोणी खाल्ले नव्हते.

भरात येऊन सरांनी पाहुणाही बोलावला. उमंग भोईर, जूचंद्रचे माजी नगरसेवक, होणाऱ्या निवडणुकीचे भावी काहीतरी, दोन पक्ष फिरून तिसऱ्यात स्थिरावलेले. उमंगभाऊंच्या नव्या संकुलात साहित्य केंद्र होणार होतं आणि त्याचे अध्यक्ष सर होणार होते. ती घोषणा बैठकीत व्हावी, असा बेत.

आता लेखक मंडळींची एक जुनी खोड आहे. स्वतःचं पुस्तक ते सोडून सगळे वाचतात. सरांनी कात्रणांची पेटी एका जुन्या विद्यार्थ्याकडे दिली आणि "लाव तारखेप्रमाणे, नवे आधी" सांगून ते स्वातंत्र्यावर भाषण द्यायला निघून गेले. त्याने इमानाने सगळंच लावलं. बैठकीच्या तीन दिवस आधी हेमांगीताई दुपारी पडल्या पडल्या पुस्तक चाळत होत्या.

"अहो, हे उमंगभाऊ तेच ना, ज्यांना तुम्ही बूटवाले म्हणायचात?"

सर चहा टाकून उठले. पान एकशे त्रेचाळीस. 'रांगोळीवरचे बूट'. उमंग भोईर विरोधी पक्षात नवे नवे असताना लिहिलेला लेख, धार लावून. ज्याच्या पायाशी अध्यक्षपदासाठी बसायचं, त्याच्या बुटांवर दोन पानं.

त्याच दुपारी सर चिकूची पाटी घेऊन टीचरच्या ओट्यावर. मी तिथे माझ्या कामाने गेलो होतो, म्हणजे गप्पा मारायला. सरांनी माझ्याकडे 'हा जाईल का' असं बघितलं. मी चिकू निवडायला घेतले.

"क्लाराबाई, कुठलं पान उघडणार आहात?"

"आधी सांगायचं नाही असा तुमचा नियम आहे, सर."

"नियम माणसांसाठी असतात."

"हे लिहून ठेवण्यासारखं आहे. कुठे आलंय का तुमच्या पुस्तकात?"

सर कसंनुसं हसले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "एकशे त्रेचाळीस तेवढं नको. जुना लेख आहे. संदर्भ बदललेत. मोठा माणूस घरी येणार, विनाकारण कडवटपणा कशाला? तुम्ही समजूतदार आहात."

टीचरच्या हातात सुपारीचा अडकित्ता होता. तो एकदा कट्‌ वाजला.

"ते पान मी तुमच्यावर लादणार नाही," त्या म्हणाल्या.

"शब्द?"

"टीचरचा शब्द."

सर इतके हलके झाले की जाताना पाटीही विसरले. ते गेल्यावर मी म्हटलं, "टीचर, हाताशी आलेला माणूस सोडलात?"

"सोडला कुठे?" त्या म्हणाल्या. "तो पिकलेला चिकू इकडे दे. बाकीचे अजून आढीत ठेवायचे आहेत."

रविवारी अंगण भरलं. ख्रिस्ती घरं डावीकडे, वाडीवाली हिंदू घरं उजवीकडे, मध्ये नियमांचे राखणदार जगन्नाथकाका, काठीसकट. वय झालं तसे काका कमी ऐकतात, पण नियम मोडल्याचं त्यांना अजून कानाने नाही, हाडाने कळतं. उमंगभाऊ आले, बूट अंगणाबाहेर काढून आले. चारपाच पोरं त्यांच्यामागे, फोटोपुरती. भाऊ टीचरच्या पाया पडायला वाकले.

"ऊठ," टीचर म्हणाल्या. "सातचा पाढा येतो का आता?"

"टीचर, आता हाताखाली मानसं हायेत त्यासाठी."

सगळे हसले. सर जास्त हसले. मग सरांनी प्रास्ताविक केलं. असहमती हा लोकशाहीचा श्वास आहे, सत्तेला प्रश्न विचारणं हे लेखकाचं काम आहे, वगैरे. सत्ता पहिल्या रांगेत बसून फुगा खात होती.

टीचर उठल्या. हातात सरांचं पुस्तक. त्यातून सुकलेल्या झावळीच्या दोन पट्ट्या बाहेर डोकावत होत्या. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळ्या वर्षभर आमच्याकडे क्रुसामागे खोवलेल्या असतात, त्यातल्याच.

"सर, नियमाप्रमाणे पान मी उघडायचं. पण तुमच्या पुस्तकात निवडीच्या स्वातंत्र्यावर सहा लेख आहेत. ते वाचून मला लाज वाटली. एकच पान देणं म्हणजे जबरदस्ती. म्हणून दोन ठेवलीत. कुठलं वाचायचं ते तुम्ही ठरवा. मी काही लादत नाही."

शेवटचं वाक्य त्या सरांकडे बघून म्हणाल्या, अगदी मायेने.

सरांनी पहिली झावळी जिथे होती ते पान उघडलं. एकसष्ट. 'संयमाचं सौंदर्य'. मग दुसरी. एकशे त्रेचाळीस. पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. कपाळावर घाम आला तो त्यांनी उपरण्याने टिपला. एका पानावर पहिल्या रांगेतला मोठा माणूस होता, दुसऱ्यावर एक निवृत्त विधवा शिक्षिका. माणसाची उदारता किती खोल आहे हे बघायला याहून चांगली काठी मी पाहिलेली नाही.

"काका, हे नियमात बसतं का?" सरांनी विचारलं.

"काय?"

"दोन पानं!"

काकांनी विचार केला. "यजमान उघडेल ते पान. किती, ते तुम्ही बोलला नव्हता तेव्हा. वाचा."

सरांनी एकसष्ट काढलं.

आवाज नेहमीचा नव्हता. आपलंच लिहिलेलं वाक्य कोणी पायात घातल्यासारखं ते अडखळत होते. "...क्लाराबाईंनी कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या विवेकाला स्मरून आपलं पुस्तक मागे घेतलं. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचंही स्वातंत्र्य येतं, हे एका समजूतदार बाईने आपल्याला शिकवलं..."

डावीकडून एक म्हातारी कौतुकाने म्हणाली, "खरंच हो. तेव्हाच बोललेली मी युजीनला." टीचरनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

लेख संपला. टीचर सरांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. वर्गात उभ्या राहायच्या तशा, हात मागे बांधून.

"माझा एक प्रश्न. माझं पुस्तक मी स्वतःहून मागे घेतलं होतं का?"

"त्यावेळची परिस्थिती अशी होती की दोन समाजांमधला—"

काकांची काठी शहाबादी फरशीवर आपटली. "आधी हो का नाही!"

"काका, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही. गुंतागुंत—"

काठी पुन्हा. काकांना 'गुंतागुंत' ऐकू आलंच नसावं.

सरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सहिष्णू माणसं, खाली मान घालून फुगे बघत बसलो. मग त्यांची नजर हेमांगीताईंकडे गेली. हेमांगीताई खाली बघत नव्हत्या. पदर सारखा केला, हातातला कप खाली ठेवला आणि त्या सरळ नवऱ्याकडे बघत बसल्या. 'हो' म्हणालात तर मी उठेन, एवढंच त्या बसण्यात लिहिलेलं होतं. सहा वर्षांपूर्वीचा तो फोन स्पीकरवर होता हे सरांना त्या क्षणी आठवलं असावं.

"नाही," सर म्हणाले.

"कोणाला ऐकू आलं नाही," टीचर म्हणाल्या. "जगन्नाथकाकांना ऐकू येईल असं बोला."

"नाही! तुम्ही मागे घेतलं नव्हतं. मी थांबवलं. मी लिहिलं ते खरं नव्हतं." आणि लगेच, सवयीने, "पण त्यामागची भूमिका—"

"भूमिका नको. फुगे गार होतात." टीचर वळल्या आणि त्या कौतुकवाल्या म्हातारीपुढे बशी धरली. "घे, बाय. आणि युजीन आता भेटला, वर, तर त्याला सांग काय ऐकलंस ते."

म्हातारीने फुगा उचलला पण तोंडात घालायचं धाडस तिला झालं नाही.

इथे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण उमंगभाऊंना दोन पानांतलं एकच वाचलेलं चालत नव्हतं.

"सर, ते दुसरं कुठलं व्हतं?"

"काही नाही भाऊ, असंच, जुनं—"

"बघू तरी." भाऊंनी हात पुढे केला. सरांनी पुस्तक दिलं नाही, आणि धरूनही ठेवलं नाही. ते भाऊंकडे गेलं. भाऊंनी झावळी बाजूला केली, बघितलं आणि खो खो हसायला लागले. मग उभे राहून, प्रचाराच्या आवाजात वाचायला लागले.

"'संविधानदिनी पोरींनी दिवसभर ओणवं राहून प्रास्ताविकेची रांगोळी काढली होती. श्री. भोईर बूट न काढता तिच्यावरून चालत गेले. आम्ही भारताचे लोक हे शब्द त्यांच्या तळव्याला चिकटून व्यासपीठावर पोचले. लोकांना व्यासपीठावर नेण्याचा त्यांना ठाऊक असलेला हा एकच मार्ग असावा.' वा! काय लिवलंय! सर, हा लेख माझ्या हापिसात फ्रेम करून लावलाय. तवा मला कुत्रं वलखत नव्हतं. तुमच्या या लेखाने वरपर्यंत नाव गेलं माझं. कोन हा भोईर म्हनून बोलावनं आलं. मी तर समजलो, आज सर हाच वाचनार!"

सरांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. ज्या पानाला भिऊन त्यांनी गावासमोर स्वतःला उघडं केलं, ते पान त्या माणसाने भिंतीवर मिरवायला लावलं होतं. सरांची सगळ्यात धारदार सुरी भाऊंनी लोणी लावायला वापरली होती.

"आनि घोषना राहिली," भाऊ म्हणाले. "केंद्राचे अध्यक्ष सरच. फायनल. माझं पान वाचायला लागू नये म्हनून मानूस स्वतःचं एवढं कबूल करतो! असा अध्यक्ष मला दुसरा कुठे मिलनार?"

पोरांनी फोटो काढले. टाळ्या फक्त जगन्नाथकाकांनी वाजवल्या. त्यांना 'अध्यक्ष' तेवढं ऐकू आलं होतं.

"उमंग," टीचर म्हणाल्या.

"जी, टीचर."

"लेखात आहे ते खरं का? हो की नाही."

"हो ना! शंभर टक्के."

"त्या पोरींची माफी मागितलीस?"

भाऊंचं हसू थोडं कमी झालं. "नाय."

"हो-नाही विचारलं की पटकन खरं सांगतोस, एवढा एक गुण आहे तुझ्यात. हसण्यासारखं त्यात काही नाही. बस खाली."

उमंग भोईर, तिसऱ्या पक्षातले, खाली बसले. फोन पुढे धरून उभ्या असलेल्या पोराला त्यांनी हातानेच थांब म्हटलं.

चहाच्या गडबडीत मी टीचरना स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्हाला माहीत होतं, भाऊ चिडणार नाही ते?"

"गटाराची तक्रार घेऊन गेले होते त्याच्या ऑफिसात. दीड तास बसवलं मेल्याने. समोर भिंतीवर तोच लेख. पाठ झाला मला."

"मग सरांना परवा सांगितलं असतंत, तर ते निर्धास्त एकशे त्रेचाळीस वाचून मोकळे झाले असते."

"म्हणून तर नाही सांगितलं," टीचर म्हणाल्या आणि कढईत पुढचा घाणा सोडला. "माणूस खरं कधी बोलतो? दुसरं काहीतरी त्याहून जास्त भीतीचं असलं म्हणजे. ते नसेल तर दाखवावं लागतं."

"आता समाधान झालं?"

त्या झाऱ्याने फुगे उलटवत राहिल्या. मग भिंतीवरच्या अंकलच्या फोटोकडे न बघता म्हणाल्या, "तो असता तर आज पायऱ्यांवर थांबला असता. समाधान कुठलं? वर चढ माळ्यावर. निळ्या प्लास्टिकात गठ्ठे आहेत ते खाली घे."

मी गठ्ठे अंगणात आणून ठेवले. सुतळी कापली. 'तीन बावखलं'. कागद कडेने पिवळा पडलेला, आत अक्षर तसंच, अंकलनी बोटं मोडून टाइप केलेलं. टीचरनी पहिली प्रत काकांना दिली, दुसरी उमंगभाऊंना. कौतुकवाल्या म्हातारीने स्वतः होऊन हात पुढे केला, तिलाही दिली. सर फाटकाकडे निघालेच होते.

"सर, थांबा. पुढच्या महिन्यात पुस्तक ठरलंय आपलं. हे. आणि घर कोणाचं, काका?"

काकांना हे मात्र लख्ख ऐकू आलं. "ख्रिस्ती घर झालं. आता हिंदू. पाळी देवेंद्रची."

फाटकाच्या कडीवर सरांचा हात तसाच राहिला. म्हणजे त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या खुर्चीत बसून, सगळ्या गावासमोर पान त्यांना उघडून द्यावं लागणार, आणि टीचर ते मोठ्याने वाचणार. त्या पुस्तकात बुजवलेलं बावखल कुठल्या पानावर आहे ते आता प्रत्येकजण घरी जाऊन शोधणार होता. आणि सरांनी ते सोडून दुसरं उघडलं, तर का सोडलं हेही प्रत्येकाला कळणार होतं.

"मी बघतो... त्या सुमारास मी बाहेरगावी..."

"आम्ही थांबू," टीचर म्हणाल्या. "सहा वर्षं थांबले की. कुठलंही पान उघडा सर. माझी काही हरकत नाही. मी समजूतदार आहे."

सर गाडीत जाऊन बसले. इंजिन सुरू केलं. हेमांगीताई उठल्या नाहीत. त्यांनी गठ्ठ्यातली एक प्रत घेतली, ओट्याच्या पायरीवर बसल्या आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. बाहेर एकदा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. त्यांनी पान उलटलं.

टीचरनी त्यांच्या बशीत गरम फुगा ठेवला.

"सावकाश वाच," त्या म्हणाल्या. "तो कुठे जातो?"